जीडालचा सी-शार्प रॅपर : मार्च ते मे २०२५ च्या कामाच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

जीडाल या लायब्ररीभोवतीचा आमचा रॅपर, म्हणजे ती सी-शार्पमधून वापरता यावी म्हणून लिहिलेले आवरण, नव्याने रचण्याचे काम आजपासून हाती घेतले. आमची सेवा गावांच्या शिवा, गटांच्या हद्दी आणि उपग्रहचित्रे वाचून त्यांवर आकडेमोड करते. ती सी-शार्पमध्ये लिहिलेली आहे आणि नकाशांच्या फायली उघडण्याचे सगळे काम जीडाल करते. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी आतून सी प्लस प्लसमध्ये आहे. तरीही दुसऱ्या भाषेतून तिच्यात शिरण्याची भरवशाची वाट म्हणजे तिचा सी इंटरफेस, कारण सी प्लस प्लसमधील चिन्हांची नावे आणि वर्गांची मांडणी कंपायलरगणिक बदलते. ही वाट चांगलीच रुंद आहे. रास्टरची (पिक्सेलांच्या चित्रांची) एक हेडर फाइल, म्हणजे फंक्शनांच्या घोषणांची फाइल, व्हेक्टरची (बिंदू, रेषा, हद्दी यांची) दुसरी, संदर्भप्रणालींची (निर्देशांक कसे वाचायचे ते सांगणाऱ्या व्याख्यांची) तिसरी आणि सीपीएल या अक्षरांनी सुरू होणाऱ्या पायाभूत फायली मिळून फंक्शनांची संख्या हजाराच्या पुढे जाते.

आजवर ज्याला जे फंक्शन लागले त्याने ते आपापल्या फाइलीच्या तळाशी घोषित करून घेतले होते. आज सगळीकडे शोध घेतला, तेव्हा डेटासेट (उघडलेली नकाशा-फाइल) उघडण्याचे एकच फंक्शन तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या सिग्नेचरने, म्हणजे आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची मूल्ये) आणि परतीचे मूल्य यांच्या वेगवेगळ्या वर्णनाने, घोषित केलेले सापडले आणि त्यांपैकी एकात पाचवा आर्ग्युमेंटच नव्हता. ते इतके दिवस कोसळले नाही हे आमचे नशीब. त्यात आमचे कौशल्य काही नाही.

स्विग या साधनाने तयार होणारी अधिकृत सी-शार्प बाइंडिंग (तयार जोडकोड) उपलब्ध आहेत आणि पुष्कळांना ती पुरतात. परंतु त्यांच्यासोबत चार मधल्या नेटिव्ह (थेट यंत्रभाषेत बांधलेल्या) लायब्रऱ्या येतात, आणि त्या प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी जीडालच्या नेमक्या त्याच आवृत्तीवर बांधाव्या लागतात. आम्हाला लिनक्स वितरणासोबत येणाऱ्या लायब्ररीवरच थेट उभे राहायचे आहे. म्हणून स्वतःचा रॅपर लिहायचा, असे ठरले.

६ मार्च, गुरुवार

फोल्डरांची रचना ठरली. सर्वांत खाली कच्चा थर राहील. त्यात फंक्शनांची नावे हेडरमध्ये आहेत तशीच, एका अक्षराचाही फरक न करता ठेवायची. सी-शार्पच्या वळणाची सुबक नावे देण्याचा मोह मलाही झाला होता. परंतु अडचण आली की माणूस मूळ दस्तऐवजात तेच नाव शोधतो, आणि नाव बदललेले असेल तर पहिली दहा मिनिटे उलट भाषांतरातच जातात. या थरातील प्रत्येक फाइल एका हेडर फाइलीशी जोडलेली असेल. त्याच्यावर हँडलांचा (लायब्ररीतील वस्तूंकडे नेणाऱ्या खुणांचा) थर असेल, ज्यात पॉइंटरला, म्हणजे मेमरीतील पत्त्याला, प्रकार आणि आयुष्य मिळेल. सर्वांत वर वापराचा थर राहील. तो मात्र हेडरप्रमाणे न विभागता आमच्या कामाप्रमाणे विभागायचा: फाइल उघडणे, आकृत्या वाचणे, रूपांतर करणे, रास्टर वाचणे.

खालच्या थराने वरच्याचे नावही घ्यायचे नाही, आणि कच्चा थर रॅपरच्या बाहेर कोणालाही दिसता कामा नये. दुसऱ्या नियमाला आजच एक अपवाद मागितला गेला. तो दिला नाही.

१० मार्च, सोमवार

कच्चा थर हाताने लिहायचा नाही हे नक्की असल्यामुळे क्लँगशार्प या जनरेटरने, म्हणजे हेडरवरून सी-शार्पच्या घोषणा लिहिणाऱ्या साधनाने, हेडर वाचून पाहिले. पहिल्याच फेरीत निघालेली फाइल इतकी मोठी होती की एडिटर अडखळू लागला, आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक हँडल हा नुसता व्हॉइड (प्रकार न सांगणारा) पॉइंटर होता. याचा अर्थ, आकृतीच्या जागी संदर्भप्रणाली दिली तरी कंपायलर चकार शब्द काढणार नाही.

हेडर नीट वाचल्यावर एक उपयोगी गोष्ट हाती लागली. व्हेक्टरच्या बाजूची हँडले एका डीबग मॅक्रोच्या (कंपायल करताना चालू-बंद करता येणाऱ्या खुणेच्या) आड वेगवेगळ्या स्ट्रक्चरांचे पॉइंटर म्हणून घोषित केलेली आहेत, आणि तो मॅक्रो नसेल तेव्हाच ती व्हॉइड पॉइंटर होतात. जनरेटरला हेडर वाचून दाखवताना तो मॅक्रो चालू ठेवला, तर आकृती, फीचर (आकृती आणि तिची माहिती) आणि लेयर (फीचरांचा संच) यांचे प्रकार आपोआप वेगळे होतात. चालत्या लायब्ररीला त्याने काही फरक पडत नाही, कारण शेवटी पॉइंटर तो पॉइंटरच. रास्टरच्या बाजूला अशी सोय नाही. तेथील डेटासेट आणि बँड (चित्राचा एक थर) यांचे प्रकार जनरेटरला हाताने शिकवावे लागले.

मॅक्रोंनी लिहिलेले स्थिरांक जनरेटरच्या हातून सुटतात, हेही आज दिसले. सत्य-असत्याचाही एक सापळा आहे: जुनी फंक्शने चार बाइटांचा इंट परत करतात, तर अलीकडची काही एका बाइटचा बूल. एका बाइटचे उत्तर चार बाइटांचे समजून वाचले, तर उरलेल्या तीन बाइटांत पडलेल्या कचऱ्यामुळे जगातील प्रत्येक गोष्ट सत्य ठरते.

१७ मार्च, सोमवार

धुळवडीच्या सुट्टीनंतर पहिला पूर्ण दिवस मिळाला आणि तो सगळा मालकीच्या प्रश्नावर गेला. या कामातील खरी मेहनत येथेच आहे, असे माझे मत आता पक्के होत आहे. फंक्शन घोषित करणे यंत्राला जमते. परंतु परत आलेला पॉइंटर आपला की उसना, तो मोकळा करायचा कोणी आणि कशाने, हे हेडरच्या सिग्नेचरमध्ये कोठेही लिहिलेले नसते. ते दस्तऐवजातील एखाद्या वाक्यात असते आणि ते वाक्य प्रत्येक प्रोग्रामर आपापल्या वेळी, आपापल्या घाईत वाचतो.

एकच उदाहरण नोंदवून ठेवतो. फीचरला आकृती देण्यासाठी दोन फंक्शने आहेत: सेट-जिऑमेट्री आणि सेट-जिऑमेट्री-डायरेक्टली. दोघांची सिग्नेचर अगदी सारखी आहे. पहिले आकृतीची प्रत घेते, त्यामुळे मूळ आकृती आपलीच राहते आणि आपल्यालाच नष्ट करावी लागते. दुसरे आकृतीच ताब्यात घेते, त्यामुळे नंतर आपण ती नष्ट केली तर एकच मेमरी दोनदा मोकळी होते. उलट बाजूनेही तेच आहे: फीचरकडून मागितलेली आकृती उसनी असते, पण त्याच फीचरकडून 'स्टील' शब्द असलेल्या फंक्शनने आणलेली आकृती आपल्या मालकीची होते. लेयरकडून मिळालेले पुढचे फीचर आपले असते. डेटासेटकडून मिळालेला लेयर उसना असतो; परंतु तोच लेयर एसक्यूएल चालवून मिळवला असेल, तर तो त्यासाठीच्या वेगळ्या फंक्शनने डेटासेटला परत करावा लागतो.

मजकुरांचीही हीच गत आहे. फील्डचे मूल्य मजकूर म्हणून मागितले तर मिळणारा पॉइंटर लायब्ररीच्या आतल्या जागेचा असतो आणि त्याचा भरवसा क्षणभराचाच, म्हणून त्याची प्रत तत्काळ काढावी लागते. संदर्भप्रणालीचा वर्णनमजकूर मात्र नव्या मेमरीत येतो आणि तो जीडालच्याच मोकळे करण्याच्या फंक्शनने सोडावा लागतो. दुसऱ्या रनटाइमच्या फंक्शनने सोडला, तर विंडोजवर दोन वेगळ्या हीपची (मेमरीच्या साठ्यांची) गाठ पडते आणि प्रक्रिया कोसळते.

यावर उपाय म्हणून एक साधी तक्ता-फाइल सुरू केली. प्रत्येक फंक्शनसाठी एक ओळ: परत येणारे मूल्य आपले, उसने की परतीच्या बोलीचे, कोणता आर्ग्युमेंट लायब्ररी ताब्यात घेते, नल (रिकामा पॉइंटर) येऊ शकतो का, चूक कशी कळते. जनरेटर हेडरसोबत ही फाइलही वाचतो, आणि ज्या फंक्शनची ओळ तक्त्यात नाही त्याचा स्टब (त्या फंक्शनला हाक मारणारा लहान कोड) तो तयारच करत नाही. त्यामुळे हजार फंक्शनांचे ओझे एका झटक्यात उतरले. ज्याला नवे फंक्शन हवे, त्याने आधी दस्तऐवज वाचून ओळ भरायची. ती ओळ हीच त्या कमिटची खरी तपासणी.

२१ मार्च, शुक्रवार

एका विंडोज यंत्रावर शिरूरच्या शिवेची फाइल उघडत नाही, अशी तक्रार आली. लॉगमध्ये 'शिरूर_शिव' या नावाऐवजी पाच प्रश्नचिन्हे, एक अधोरेखा आणि पुन्हा तीन प्रश्नचिन्हे होती. मोजून आठ. दिसायला अक्षरे पाच, पण वेलांटी आणि उकार हे युनिकोडमध्ये स्वतंत्र असल्यामुळे त्यांच्या वाट्यालाही एकेक प्रश्नचिन्ह आले होते, आणि त्या आठ चिन्हांमुळेच कारण पटकन लक्षात आले. जुन्या पद्धतीच्या घोषणेत मजकुराचे एन्कोडिंग सांगितले नाही, तर डॉटनेट (सी-शार्पचा कोड चालवणारी यंत्रणा) विंडोजवर तो यंत्राच्या एएनएसआय कोडपेजमध्ये (अक्षरांच्या जुन्या, मर्यादित तक्त्यात) रूपांतरित करते, आणि त्या कोडपेजमध्ये देवनागरीला जागा नसते. जीडालला मात्र फाइलीचे नाव यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडच्या एका एन्कोडिंगमध्ये) अपेक्षित असते. लिनक्सवर मुळातच यूटीएफ-८ जात असल्यामुळे आमच्या चाचण्यांना हे कधी दिसलेच नाही.

नेटिव्ह फंक्शने घोषित करण्याची, डॉटनेट ७ पासून उपलब्ध असलेली लायब्ररी-इम्पोर्टची पद्धत मजकुराचे एन्कोडिंग सांगितल्याशिवाय बिल्डच होऊ देत नाही. जनरेटर आता तीच वापरतो आणि प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ लिहितो. चाचण्यांमधील सर्व फायलींना मराठी नावे दिली. ही बुद्धी मराठी माणसांच्या गटाला दोन वर्षे उशिरा सुचली.

२६ मार्च, बुधवार

गेले तीन दिवस एकाच बिघाडाच्या मागे होतो. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांची १०९८० बाय १०९८० पिक्सेलांची टाइल ओळीओळीने वाचताना प्रक्रिया मध्येच कोसळत असे. कधी चारशेव्या ओळीच्या आसपास, कधी नऊ हजार ओळी पार झाल्यावर. लहान टाइलवर सगळे सुरळीत चालत होते आणि डीबग बिल्डमध्येही एकदा तक्रार आली नाही.

कारण एका पाच ओळींच्या मदतनीस फंक्शनमध्ये निघाले. ते फाइल उघडून पहिला बँड परत देत होते आणि डेटासेटचा ऑब्जेक्ट तेथेच मागे राहत होता. त्याच्याकडे बोट दाखवणारे कोणी उरले नाही, म्हणून गार्बेज कलेक्टरने (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या डॉटनेटच्या भागाने) तो उचलला, त्याच्या फायनलायझरने (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या कोडने) डेटासेट बंद केला आणि त्यासोबत बँडही गेला, कारण बँड ही डेटासेटची उसनवारी आहे. वाचणाऱ्या लूपच्या हाती आता केवळ एक मेलेला पत्ता होता. कलेक्टर नेमका केव्हा धावेल हे इतर मेमरीच्या वापरावर अवलंबून असल्यामुळे कोसळण्याची ओळ दर वेळी वेगळी होती.

आता हँडलांच्या थरात प्रत्येक उसन्या हँडलने आपल्या मालकाच्या सेफहँडलची (हँडल सुरक्षितपणे मोकळे करणाऱ्या डॉटनेटच्या ऑब्जेक्टची) संदर्भसंख्या, म्हणजे वापरणाऱ्यांची मोजणी, एकने वाढवायची आणि स्वतः मोकळे होतानाच ती कमी करायची, असा नियम केला. बँड जिवंत आहे तोवर डेटासेट बंद होऊ शकत नाही. हा कोड कोणी हाताने लिहीत नाही; तक्त्यात 'उसने' लिहिले असेल, तर मालक कोण हा पुढचा रकाना सक्तीचा आहे आणि उरलेले जनरेटर करतो.

फायनलायझरवर विसंबण्याची दुसरी बाजूही लिहून ठेवतो. लिहिण्यासाठी उघडलेल्या डेटासेटचा बराचसा मजकूर तो बंद होतानाच डिस्कवर उतरतो. तेव्हा डिस्क भरलेली असेल तर ती चूक फायनलायझरमध्ये सांगायची कोणाला? त्यामुळे लेखनाच्या वाटेवर डेटासेट स्पष्टपणे बंद करणे अनिवार्य केले, आणि तसे न करता तो फायनलायझरपर्यंत पोहोचला तर लॉगमध्ये ठळक नोंद पडते.

२ एप्रिल, बुधवार

चुका कळवण्याच्या जीडालच्या तऱ्हा एकाहून अधिक आहेत. काही फंक्शने सीपीएलचा चूक-प्रकार देतात, ज्यात इशारा २ आणि अपयश ३ असते. व्हेक्टरची फंक्शने वेगळाच संच वापरतात, ज्यात अपयशाचा अंक ६ आहे. काही नल परत करतात. आणि काही नुसता सत्य-असत्याचा इंट. दोन संचांतील अंकांची सरमिसळ केली, तर चुकीचा संदेश दिसतो आणि माणूस भलत्याच दिशेला शोधत बसतो. तक्त्यातील रकान्यावरून प्रत्येक स्टब आपली तपासणी स्वतः करतो: हाक मारण्यापूर्वी मागची चूक पुसायची, परत आल्याबरोबर त्याच थ्रेडवर (कोड चालण्याच्या त्याच धाग्यावर) शेवटचा संदेश वाचायचा आणि अपयश असेल तर एक्सेप्शन (काम थांबवणारी चुकीची सूचना) टाकायचे. संदेश थ्रेडनिहाय साठवला जात असल्यामुळे 'त्याच थ्रेडवर' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

चुकीसाठी कॉलबॅक (जीडालने उलट हाक मारायचे आपले फंक्शन) नोंदवून तेथूनच एक्सेप्शन टाकावे, अशी सूचना आली होती. नेटिव्ह चौकटी ओलांडून डॉटनेटचे एक्सेप्शन वर येऊ देणे हा अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार असल्यामुळे ती स्वीकारली नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज पुणे बॅरेंट्स समुद्रात गेले. यूटीएमच्या (मीटरमध्ये मोजणाऱ्या संदर्भप्रणालीच्या) ४३ उत्तर पट्ट्यातील पुण्याचा बिंदू ईपीएसजी ४३२६ मध्ये (अक्षांश-रेखांशांच्या संदर्भप्रणालीत) रूपांतरित करून नकाशावर टाकला, तर तो नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या दक्षिणेकडील पाण्यात उमटला. पुण्याचे अक्षांश १८.५२ आणि रेखांश ७३.८६; यांची अदलाबदल केली की नेमके तेथेच पोहोचतो.

मे २०१९ मध्ये आलेल्या जीडाल ३.० पासून नव्याने तयार केलेली संदर्भप्रणाली अधिकृत व्याख्येतील अक्षांचा क्रम पाळते, आणि ४३२६ च्या व्याख्येत अक्षांश आधी आहे. फायलींतून येणाऱ्या लेयरची संदर्भप्रणाली मात्र ड्रायव्हर (एकेक फाइलप्रकार वाचणारे जीडालचे भाग) सामान्यतः जुन्या, म्हणजे रेखांश-आधी क्रमावर ठेवून देतात. त्यामुळे दोन्ही प्रणाली फायलींतून आल्या की उत्तर बरोबर येते आणि त्यांतील एक हाताने तयार केली की बिघडते. आमच्या गटात यावर बराच वाद झाला. रॅपरने जुना क्रम गुपचूप लावून द्यावा, असे दोघांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही, कारण मग जीडालचा दस्तऐवज एक सांगतो आणि आमचा रॅपर दुसरेच करतो, आणि हा फरक कोठेही दिसत नाही. शेवटी संदर्भप्रणाली तयार करताना अक्षांचा क्रम हा सक्तीचा आर्ग्युमेंट केला. त्याला पूर्वनिर्धारित मूल्य नाही.

येथेही मालकीचा धागा निघालाच. लेयरकडून आलेल्या उसन्या संदर्भप्रणालीवर क्रम बदलला, तर तो लेयरचाच बदलतो आणि त्या लेयरवर काम करणाऱ्या दुसऱ्या कोडला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून उसन्या प्रणालीवर बदल करणारी कोणतीही क्रिया वापराच्या थरात उपलब्धच नाही. आधी प्रत काढावी लागते.

१५ एप्रिल, मंगळवार

प्रगती कळवणारा कॉलबॅक स्थिर फंक्शनच्या पॉइंटरवर आणला. पूर्वी डेलिगेट (फंक्शनकडे नेणारा डॉटनेटचा ऑब्जेक्ट) दिला जात असे आणि लांबलेल्या कामात कलेक्टर तो उचलून नेत असे. कॉलबॅकच्या आत आलेले एक्सेप्शन तेथेच पकडून ठेवले जाते, जीडालला 'थांब' असे उत्तर जाते आणि हाक परत आल्यावर ते पुन्हा टाकले जाते.

२२ एप्रिल, मंगळवार

लायब्ररी शोधण्याचे काम एका रिझॉल्व्हरमध्ये गोळा केले. उबुंटू २४.०४ वर जीडाल ३.८ ची फाइल ३४ या अंकाने येते आणि २२.०४ वर ३.४ ची ३० ने. हे अंक पूर्वी कोडमध्ये विखुरलेले होते.

एका यंत्रावर रूपांतर अजिबात होत नव्हते. तेथे दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरने प्रोजच्या (जीडाल रूपांतरासाठी वापरते त्या लायब्ररीच्या) डेटाबेसचा मार्ग यंत्रभर लागू होणाऱ्या चलात आपल्याकडे वळवून ठेवला होता, आणि तो डेटाबेस जुन्या मांडणीचा होता. यंत्रावरील चलाला हात लावणे हे आमचे काम नव्हे. रॅपर सुरू होतानाच प्रोजचा शोधमार्ग जीडालच्या फंक्शनने स्वतः ठरवतो.

७ मे, बुधवार

पी-इन्व्होकमध्ये (डॉटनेटमधून नेटिव्ह फंक्शनला हाक मारण्याच्या पद्धतीत) फंक्शनचा शोध पहिल्या हाकेलाच घेतला जातो, त्यामुळे जुन्या आवृत्तीत नसलेले फंक्शन महिनाभरानंतर एखाद्या ग्राहकाच्या यंत्रावर कोसळू शकते. म्हणून रॅपर सुरू होताना तक्त्यातील प्रत्येक नाव लायब्ररीत आहे की नाही, हे तपासणारी फेरी लिहिली. ३.४, ३.८ आणि ३.१० या तिन्हींवर ती निर्धोक पार पडली. त्याच संध्याकाळी ३.४ च्या सर्व्हरवरून 'डेटासेट बंद करता आला नाही' अशी एक्सेप्शने येऊ लागली, आणि त्यांच्यात संदेशाच्या जागी काहीच नव्हते.

डेटासेट बंद करणारे फंक्शन ३.७ च्या आधी काहीही परत करत नव्हते, ३.७ पासून ते चूक-प्रकार परत करते. नाव तेच, आर्ग्युमेंट तोच. आमचा स्टब नव्या हेडरवरून तयार झालेला असल्यामुळे जुन्या लायब्ररीकडूनही उत्तर वाचत होता, आणि त्याला मिळत होता रजिस्टरमध्ये आधीच्या कामाचा पडून राहिलेला अंक. तो बहुतेक वेळा शून्य नव्हता. नावे तपासणाऱ्या फेरीला हे दिसणे शक्यच नाही, कारण सीमध्ये सिग्नेचर चिन्हाच्या नावात उतरत नाही.

९ मे, शुक्रवार

तक्त्यात 'या आवृत्तीपासून' हा रकाना वाढवला. तो फंक्शनला नव्हे तर सिग्नेचरला लागू होतो, त्यामुळे एकाच नावाच्या दोन ओळी असू शकतात. रॅपर सुरुवातीला जीडालला आवृत्तीचा अंक विचारतो (३.८.४ साठी तो ३०८०४०० असा येतो) आणि दोन्ही स्टबांपैकी योग्य तो निवडतो. ३.४ वर बंद करताना उत्तर वाचले जात नाही; तेथे फक्त शेवटचा संदेश पाहिला जातो.

जुन्या आवृत्त्यांची हेडरे शेजारी ठेवून परत येणाऱ्या प्रकारात झालेले असेच बदल शोधणारी स्क्रिप्ट माझ्या सहकारी सोमवारच्या सुट्टीनंतर लिहिणार आहेत. तोवर तक्त्यातील ज्या ओळींत मालकीच्या रकान्यात मी प्रश्नचिन्ह ठेवले आहे, त्यांचे स्टब तयार होत नाहीत. आज अशा अकरा ओळी आहेत, आणि त्यांतील दोन फंक्शने रास्टरचे काम करणाऱ्यांना गुरुवारपर्यंत हवी आहेत.